वायपर उलटा फिरतोय, दादा

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील वगळून)

पत्र लिहिणारा तरुण २४ वर्षांचा आहे. साताऱ्याजवळच्या एका गावात राहतो, एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. चार वर्षांपासून तो ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ या कॉम्प्युटर गेमसाठी एसटीच्या बसचे मॉड (गेममध्ये बाहेरून घालायची भर) बनवतो. मूळ गेम युरोपातल्या ट्रकचा. याच्यासारख्या पोरांमुळे त्यात लालपरी धावते. पहिल्या बससाठी त्याने सातारा स्टँडवर उभ्या गाडीची टेपने मापं घेतली आणि एका कंडक्टरकाकांनी त्याला टपावर चढून फोटो काढू दिले. मॉड तो फुकट देतो. पण गेमची नवी आवृत्ती आली की बस बिघडते आणि ‘अपडेट कधी?’चा मारा सुरू होतो. ‘जमत नसेल तर बनवतोस कशाला’पासून आईबहिणीवरच्या शिव्यांपर्यंत सगळं. गेल्या महिन्यात कुणीतरी त्याचं नाव काढून तीच बस एका टेलिग्राम ग्रुपवर ५० रुपयांना विकायला काढली. दुसऱ्या एकाने नंबर मिळवून रात्री घरी फोन केला, तो आईने उचलला. आता दोनच रस्ते उरलेत असं त्याला वाटतं : सगळ्या बस कायमच्या काढून टाकायच्या, नाहीतर पुढच्या फाइलमध्ये असं काही घालायचं की चोरीची प्रत वापरणाऱ्याचा गेमच बंद पडेल. ‘ताई, फुकट दिलेल्याची लोकांना किंमत नसते. माझं काही चुकतंय का?’

उत्तर

आधी फोनचं बोलू, कारण त्यात दोन बाजू नाहीत. बसचा आरसा काळा दिसतो म्हणून कुणाच्या आईने रात्री अकराला शिव्या ऐकायच्या, हा मॉडचा प्रश्नच नव्हे. तो नंबर, तारीख, वेळ, कॉल लिस्टचा स्क्रीनशॉट जपून ठेव. पुन्हा आला तर सरळ सायबर पोलिसांकडे तक्रार कर. तू व्हिडिओच्या शेवटी यूपीआयचा कोड दाखवतोस असं लिहिलंयस. बऱ्याच यूपीआय आयडीत मोबाइल नंबरच असतो, तेव्हा तो तिथूनच फुटला असावा अशी मला दाट शंका आहे. तो आयडी आज बदल. आणि आईला एकदा शेजारी बसवून ती बस दाखव. पोरगं रात्री एक-एक वाजेपर्यंत काय करतं हे तिला त्या फोनमुळे कळलं असेल, तर फार वाईट पद्धतीने कळलं.

मी स्वतः गेम खेळत नाही. भाचा खेळतो, त्याच्या शेजारी बसून बघितलाय. पण तुझं दुखणं माझ्या ओळखीचं आहे. पंधराएक वर्षांपूर्वी मी जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारं एक छोटं सॉफ्टवेअर बनवलं होतं. सांगली-मिरजेतले डीटीपीवाले वापरायचे. फुकट. पहिल्या वर्षी लोकांनी भडंगाच्या पिशव्या आणून दिल्या. दुसऱ्या वर्षी दिवाळी अंकांच्या हंगामात रात्री साडेअकराला फोन : ‘मॅडम, तुमचा ऱ्य तुटतोय. दुसऱ्याचं दुसर्‌या होतंय सगळीकडं. अंक उद्या छपाईला जायचाय, तुम्ही झोपलाय काय?’ मी इतकी भडकले की त्या माणसाचं नावच यादीतून काढून टाकलं. एक पैसा घेतला नव्हता, वर हा तोरा! दोन दिवसांनी कशासाठी तरी सॉफ्टवेअरसोबत दिलेली माहिती उघडली, तर त्यात मीच लिहून ठेवलं होतं : ‘कोणतीही अडचण आल्यास केव्हाही फोन करा.’

त्या माणसाचा सूर वाईटच होता, पण फोन त्याने माझ्याच आमंत्रणावरून केला होता.

म्हणून तुला पहिला प्रश्न : तू लोकांना काय कबूल केलं होतंस? पत्रात तू तीनदा ‘फुकट’ लिहिलंयस. पण त्याच पत्रात, ओझरत्या वाक्यांत, आणखीही काही आलंय. डाउनलोडची लिंक जाहिरातींच्या तीन पानांतून जाते, त्याचे थोडे पैसे मिळतात. झिप फाइलचा पासवर्ड व्हिडिओच्या सातव्या मिनिटाला आहे, म्हणजे पोरांना व्हिडिओ पूर्ण बघावा लागतो. शेवटी क्यूआर कोड. शिवाय गावाच्या ट्रॅव्हल्सची नावं घालून लिव्हरी, म्हणजे बसचं बाहेरचं रंगकाम, करून द्यायचे तू नऊ जणांकडून प्रत्येकी २०० रुपये घेतलेस, त्यातल्या चार अजून व्हायच्यात.

यात पाप काही नाही. वीज, पीसी, झोप, सगळ्याला पैसे पडतात. पण पलीकडच्या पोराच्या खुर्चीत एकदा बसून बघ. त्याने मोबाइलच्या डेटावर फाइल उतरवली, तीन पानांवरच्या जाहिराती बंद केल्या, सात मिनिटं व्हिडिओ बघितला, पासवर्ड चुकला, पुन्हा टाकला, फाइल मॉडच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवली, गेम सुरू केला आणि गॅरेजमध्ये आख्खी काळी बस उभी. त्याच्या लेखी त्याने मोजलेत. तू फुकट दिलंस आणि त्याने विकत घेतलं. एकाच फाइलचे हे दोन व्यवहार झालेत आणि भांडण तिथून सुरू होतंय. शिवी द्यायचा हक्क त्याला यातून मिळत नाही. पण ‘लोकांना किंमत नाही’ हे तुझं निदान मला अपुरं वाटतं. काही जणांना किंमत आहे, त्यांनी ती वेगळ्या नाण्यात चुकवलीये इतकंच.

अपडेटचंही तसंच. मिरजेत तानपुरे-सतारी करणाऱ्यांच्या दुकानात कधी गेलायस? वाजवून वाजवून तारा घोडीवर चरे पाडतात, आवाज बसतो, आणि वाद्य जवारी काढायला, म्हणजे घोडी पुन्हा घासून आवाज खुलवायला, परत येतं. बनवणारा त्यावर रुसत नाही, ‘माझ्या कामात खोट काढता काय’ म्हणत नाही. वाजवणाराही अर्ध्या रात्री दार ठोकत नाही. वाद्य घेतानाच दोघांना ठाऊक असतं की जवारी जाणार, तिला वेळ लागणार आणि तिचे वेगळे पैसे पडणार. तुझ्या बसची जवारी प्रागमध्ये बसलेली, हा गेम बनवणारी एससीएस सॉफ्टवेअर ही कंपनी वर्षातून दोन-चारदा घालवते. २०२१ मध्ये १.४० आवृत्ती आली तेव्हा गेमची प्रकाशयोजनाच नवी केली गेली. २०१२ पासून एक गेम जिवंत ठेवायचा तर त्यांनाही हे करावंच लागतं. यात तू दोषी नाहीस आणि अपडेट विचारणाराही नाही. पण बस देताना हे तू एकदा तरी कुठे लिहिलं होतंस का? की ‘लवकरच अपडेट येतंय भावांनो’ म्हणत गेलास? तू स्वतःच लिहिलंयस की हे वाक्य तू प्रत्येक व्हिडिओत म्हणतोस.

आता जरा नाजूक जागा. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य नंबर प्लेटचं आहे. गाडी सातारा आगाराची, तरी पाटी एमएच-११ ची नाही, एमएच-१४ ची. कारण बॉडी दापोडीच्या कार्यशाळेत बांधली आणि नोंदही तिकडचीच. ‘लोक चुकीची पाटी लावतात, मला सहन होत नाही.’ वाचून मला हसू आलं, आणि तुझ्याबद्दल आदरही वाटला. कुठल्या कार्यशाळेने गाडी बांधली याचं श्रेय तू पाटीवरसुद्धा ढळू देत नाहीस. मग चार ओळींनी लिहितोस : चॅसी आणि ड्रायव्हरची केबिन एका ब्राझिलियन मॉडरच्या फाइलमधून घेतली, त्याला मेसेज केला होता, उत्तर आलं नाही. त्याचं नाव बसच्या माहितीत आहे का? पत्रात तर नाही.

तू आणि तो ५० रुपयेवाला एकाच माळेचे मणी आहात असं मी म्हणत नाही. तू विचारलंस, वर स्वतःचे शेकडो तास घातलेस, एसटी उभी केलीस. त्याने फक्त नाव खरवडलं. पण तुझा राग ज्या तत्त्वावर उभा आहे, ते तत्त्व तुझ्या केबिनमध्येही येऊन बसतं. मॉडच्या जगात हे नेहमीचं आहे. एप्रिल २०१५ मध्ये व्हॉल्व आणि बेथेस्डा या कंपन्यांनी ‘स्कायरिम’ या गेमचे मॉड पैसे घेऊन विकायची सोय सुरू केली, बनवणाऱ्याला विक्रीतले २५ टक्के. पहिल्याच दिवसांत मासेमारीचा एक मॉड मागे घ्यावा लागला, कारण त्यात दुसऱ्या मॉडरचं काम वापरलं होतं आणि त्याला ते मंजूर नव्हतं. फुकटच्या दिवसांत जे चालून गेलं असतं, ते पैसे आल्यावर चाललं नाही. खेळणारे भडकले ते वेगळंच. २३ तारखेला सुरू झालेली योजना २७ ला गुंडाळली. तेव्हा त्या ब्राझिलियनाचं नाव आजच्या आज घाल, त्याला पुन्हा एकदा लिही (पोर्तुगीजमध्ये, भाषांतर करून, साध्या चार ओळी), आणि उत्तर येईपर्यंत निदान त्या बसच्या लिंकवरून जाहिराती काढ. मॉडांच्या दुनियेत ‘पाठीमागे मेसेज केला होता’ याला परवानगी म्हणत नाहीत.

आता तुझे दोन रस्ते.

सगळं काढून टाकणं. हा हक्क तुझा आहे की नाही यावर मोठमोठी भांडणं झाली आहेत. जुलै २०२१ मध्ये नेक्सस मॉड्स या मॉडांच्या मोठ्या साइटने जाहीर केलं की यापुढे मॉड कायमचा पुसता येणार नाही, फक्त नजरेआड ठेवता येईल. अनेक मॉडांची मिळून तयार संच-यादी लोकांना देता यावी, आणि मधली एक वीट कुणी काढली तर भिंत कोसळू नये, म्हणून. बनवणाऱ्यांपैकी बरेच जण म्हणाले, माझं काम, माझी इच्छा. साइटने महिनाभराची मुदत दिली आणि काहींनी त्या महिन्यात आपलं सगळं काढून नेलं. मला अजूनही दोन्ही बाजू पटतात. त्यातल्या त्यात बनवणाऱ्याची जरा जास्त. पण तुझ्या बाबतीत प्रश्न हक्काचा नाही, हिशेबाचा आहे. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांच्याकडे बस आधीच उतरलेली आहे. ज्याने चोरली त्याच्याकडेही आहे. तू पुसलीस तर उद्या शोधणाऱ्या पोराला बाजारात एकच प्रत सापडेल, ५० रुपयांची, तुझं नाव नसलेली. थकला असशील तर जरूर थांब, सहा महिने फोल्डर उघडू नकोस. पण धडा शिकवायला म्हणून पुसणार असशील तर धडा भलत्यालाच मिळेल.

दुसरा रस्ता, गेम बंद पाडण्याचा. तो मात्र मनातून काढच. माइनक्राफ्ट या गेमच्या ‘फॉरेस्ट्री’ या मॉडच्या निर्मात्याचं एका लाँचरवाल्यांशी (मॉडांच्या गठ्ठ्यासकट गेम सुरू करून देणारं सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांशी) वाजलं होतं, त्याचं काम ते न विचारता गठ्ठ्यात देत होते. त्याने राग काढला तो कसा, तर त्या लाँचरमधून खेळणाऱ्यांच्या जगातल्या मधमाश्या स्फोटक करून ठेवल्या. भांडण दोन बड्यांचं आणि उडालं कुणा पोराने महिनाभर खपून बांधलेलं घर. तुझ्याकडेही तेच होईल. ५० रुपये देऊन फसलेला पोरगा आणि त्याला फसवणारा, यांच्यात तुझ्या फाइलला फरक कळणार नाही. वर गेम बंद पडला की लोक म्हणणार, साताऱ्याच्या त्या बसमुळे बंद पडतोय.

चोराशी लढायची साधी हत्यारं आहेत, ती आधी वापर. टेलिग्रामवर आणि व्हिडिओखाली कॉपीराइटची तक्रार करता येते. पुरावा म्हणून ब्लेंडरच्या (तू बस ज्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घडवतोस त्याच्या) मूळ फाइल, त्यांच्या तारखा, स्टँडवर टेप धरून काढलेले फोटो जपून ठेव. तक्रार मात्र तू स्वतः केलेल्या बॉडीपुरती आणि रंगकामापुरतीच कर. केबिन तुझी नाही. नाव वर चिकटवण्यापेक्षा टेक्स्चरमध्ये, म्हणजे बसवर चढवलेल्या चित्रातच मुरव : मागच्या काचेखाली, आसनक्रमांकाच्या पट्टीत, जिथून खरवडायला तास-दोन तास जातील. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तुझी अधिकृत प्रत त्याच्या प्रतीपेक्षा सोपी कर. पासवर्ड नाही, तीन पानं नाहीत, एक लिंक. फुकटची बस एका क्लिकवर मिळत असेल तर ५० रुपये कोण मोजेल? स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या ‘वर्कशॉप’ या मॉडांच्या विभागात टाकलीस तर नवी फाइल सबस्क्राइब केलेल्यांपर्यंत आपोआप पोचते, अर्ध्या कटकटी तिथेच मिटतात. पण त्याआधी केबिनचा प्रश्न सुटायला हवा.

आता त्या दहा कमेंट, ज्या तू ‘बघा लोक कसे बोलतात’ म्हणून पत्रात उतरवून दिल्यास. मी त्या दोनदा वाचल्या. सहा निव्वळ घाण आहेत. दोन घाईच्या आहेत, ‘भाऊ अपडेट’ एवढ्याच. नववा तुझ्याशी दुसऱ्याच कशावरून तरी भांडतोय. आणि दहावी ही : ‘दादा वायपर उलटा फिरतोय नवीन व्हर्जनला, काचेच्या आत जातोय. बाकी गाडी एक नंबर. आज्जीकडं जाताना हीच असायची.’

ही तू शिव्यांच्या यादीत का टाकलीस? या पोराने काय बिघडलं, कुठे बिघडलं, कधीपासून, सगळं सांगितलंय आणि वर बस कशासाठी हवी तेही. रोज तीस टोमणे वाचणाऱ्याला एकतिसावी ओळ टोमणाच वाटते, हे मी समजू शकते. मीही तो ‘ऱ्य’वाला माणूस असाच घालवला होता. माझं सॉफ्टवेअर सगळ्यात जास्त वापरणारा तोच होता आणि चूकही त्याने बरोबर पकडली होती.

यावर माझा तोडगा असा की कमेंट वाचायच्याच नाहीत. एक साधा फॉर्म ठेव : गेमची आवृत्ती कोणती, सोबत आणखी कोणते मॉड चालू आहेत आणि कोणत्या क्रमाने, चुकीचा एक फोटो, आणि डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरमधली ‘गेम डॉट लॉग डॉट टीएक्सटी’ ही फाइल. एवढं भरायला ज्याला जड जाईल त्याला अपडेटची तितकी गरज नव्हती. महिन्यातून एका रविवारी तो फॉर्म उघड. आणि बसच्या माहितीत सगळ्यात वर हे लिही, शब्द तुझे घाल :

‘ही बस मी कामावरून आल्यावर करतो. ती फक्त खाली लिहिलेल्या आवृत्तीवर तपासली आहे. नवी आवृत्ती आली की दुरुस्तीला दोन-तीन महिने लागतील, कदाचित जास्त. तारीख विचारू नका, मलाही माहीत नसते. चॅसी व केबिन मूळ कुणाची ते खाली दिले आहे. ही फाइल विकायला परवानगी नाही.’

‘लवकरच’ हा शब्द त्यात कुठेही नको.

हे वाचणाऱ्यांत मॉड वापरणारे पण असतील, त्यांना एक सांगायचंय. नवी आवृत्ती आली आणि आवडती गाडी मोडली, तर बनवणाऱ्याच्या मागे लागण्याआधी स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथे ‘बीटाज’ असा भाग असतो, त्यात जुन्या आवृत्त्या निवडता येतात. गाडी चालतेय त्या आवृत्तीवर निवांत राहा. फक्त आधी प्रोफाइलची एक प्रत काढून ठेवा, कारण नव्या आवृत्तीत केलेला सेव्ह जुनीत उघडेलच असं नाही. आणि मॉड एकेक करून बंद करून बघा. बऱ्याचदा भांडण दोन मॉडांचंच असतं, ज्याला आपण शिव्या देतो तो बिचारा त्यात नसतोच.

तुझ्याकडे सहा बस आहेत म्हणतोस. सहाही जिवंत ठेवायचा हट्ट कशाला? लालपरी ठेव, स्वारगेटची विनाथांबा ठेव. बाकीच्यांच्या मूळ फाइल, त्यातलं तुझं जेवढं आहे तेवढं, कुणाला तरी शिकायला देऊन टाक. वायपरवाल्याला विचारून बघ, त्याला ब्लेंडर येतं का. नसेल येत तर तूही चार वर्षांपूर्वी टेप घेऊन स्टँडवर उभा होतास तेव्हा तुला कुठे येत होतं?

राहिलं लिव्हरीचं. ते चार जण कमेंटमध्ये काही बोलत नाहीयेत असं तू लिहिलंयस, जणू तो प्रश्नच नाही. या आठवड्यात चौघांना मेसेज कर : एक तर अमुक तारखेपर्यंत करून देतो, नाहीतर २०० रुपये परत. मला विचारशील तर परतच कर. एकूण ८०० होतात. पुढच्या पगाराची वाट बघायची गरज नाही.